फणीमावशीची उसनी ट्यूब

फणीमावशीने गिऱ्हाइकाच्या केसांत बोटं घातली की तिला त्या माणसाची अर्धी हकीकत कळायची. कोण घरी भांडून आलंय, कोण नोकरीच्या मुलाखतीला निघालंय, कोणाची झोप उडालीय, हे सगळं म्हणे टाळूवरून समजायचं. नवरा म्हणायचा, "टाळू कसली बोलतेय! माणसं खुर्चीत बसली की आपण होऊन बोलतात आणि तू ऐकत बसतेस." दोघांचंही खरं होतं.

दुकानाच्या काचेवर एक भलीमोठी फणी रंगवलेली होती, म्हणून सगळे तिला फणीमावशी म्हणायचे. आत दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, डोकं धुवायचं एक बेसिन, आणि पडद्यामागच्या दारातून सरळ घर. एक खुर्ची मावशीची, कापायची आणि धुवायची. दुसरी तिच्या नणंदेची. केस रंगवणं आणि चेहऱ्याची कामं नणंद बघायची. नवऱ्याची ही धाकटी बहीण एकटीच राहायची, कायम नटूनथटून असायची आणि तिच्या पर्समध्ये सगळ्या जगाचा इलाज असायचा. मावशी तिला 'वन्सं' म्हणायची आणि तिच्यावर जीव टाकायची.

हातांचं दुखणं सुरू झालं ते बोटांच्या बेचक्यांतून. दिवसभर पाणी, शाम्पू, पुन्हा पाणी. आधी नुसती खाज होती. मग बारीक पुरळ, मग कातडी कोरडी पडून पापुद्रे, आणि शेवटी तळव्यांना अशा भेगा की कात्रीच्या कड्यात अंगठा घालताना मावशीचा जीव जायचा. पण तोंडातून हूं की चूं नाही. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून ती हात टॉवेलखाली धरायला शिकली.

नणंदेच्या नजरेतून मात्र सुटलं नाही. तिने पर्स उघडली आणि पिळून पिळून चपटी झालेली एक ट्यूब काढली.

"ही लावा, वहिनी. मला मागे गजकर्ण झालं होतं ना, तेव्हापासून मी हिच्याशिवाय राहत नाही. पुटकुळी असो, डास चावू दे, काहीही होऊ दे, हीच."

"पण मला गजकर्ण थोडंच आहे?"

"खाजेला खाज म्हणतात हो! लावा बिनधास्त."

मावशीने लावली. आणि काय सांगावं, दोनचार दिवसांत लाली गेली, खाज गेली, भेगा मिटायला लागल्या. "वन्सं, तुम्ही तर पर्समध्ये दवाखानाच घेऊन फिरता," असं म्हणत तिने ती ट्यूब परत केली. पुढच्या आठवड्यात खाज परत आली. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. पुन्हा बंद, पुन्हा खाज. असा लपंडाव सुरू झाल्यावर मावशीने औषधाच्या दुकानातून स्वतःसाठी तीच ट्यूब आणली. काय विचारायचं आणि काय सांगायचं! दुकानदाराने दिली, हिने घेतली.

मग गालावर दोन डाग होते, त्यांनाही थोडीशी लावून बघितली. नणंदच म्हणाली होती, चेहरा कसा उजळतो बघा. आणि उजळला! गिऱ्हाइकं आरशातून विचारू लागली, "मावशी, हल्ली काय लावता?" मावशी लाजून हसायची आणि विषय बदलायची.

हे कौतुक फार टिकलं नाही. गाल आधी गुलाबी दिसायचे, ते लालभडक दिसायला लागले. उन्हात पाऊल टाकलं की चरचर. तोंडाभोवती पुटकुळ्या. आरशाजवळ गेलं की गालांवर धाग्यासारख्या बारीक लाल रेषा. आणि ज्या हातांसाठी ट्यूब आणली, त्यांना आता तिचं काहीच वाटेना. मावशीने काय केलं? दिवसातून एकदा लावायची ती दोनदा लावायला लागली.

नेमकी तेव्हाच लेक बाळंत होऊन आईकडे राहायला आली. जावई लांबच्या कामावर होता, त्यामुळे लेक आणि तान्हं बाळ काही महिने इथेच. नात म्हणजे मुठीएवढी, डोक्यावर काळंभोर जावळ, आणि आवाज असा की दुकानातलं गिऱ्हाईक खुर्चीत दचकायचं. आजोबांनी तर तिला खांद्यावरून खाली ठेवायचं नावच घेतलं नाही. चुकीच्या चालीत, चुकीच्या शब्दांची गाणी दिवसभर चालू.

आणि आजी? आजी तिला हात लावेना.

"आई, घे ना हिला जरा."

"हात ओले आहेत गं."

"आई, जरा धर, मी अंघोळ करून येते."

"गिऱ्हाईक बसलंय. बाबांकडे दे."

कधी कंबर धरलेली, कधी गॅसवर काहीतरी ठेवलेलं. लांबून मात्र ती बघत बसायची. बाळ झोपलं की पाळण्याशी उभी राहायची, दोन्ही हात पाठीमागे बांधून. मनात एकच भीती: हा खाजेचा रोग आहे, इतक्या कोवळ्या जिवाला लागला तर? एवढं कोणाला सांगायचीही सोय नव्हती. दुकानात बातमी फुटली की मावशीला कसला तरी रोग झालाय, तर कोण खुर्चीत बसेल? मावशी पुरती कात्रीत सापडली होती.

लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. ती आधी हिरमुसली, मग गप्प झाली. आईला नातीचा लळाच नाही, असं तिने मनाशी धरलं आणि ते काट्यासारखं आत ठेवलं.

एक दिवस बँकेत काम करणाऱ्या एक बाई केस कापायला आल्या. आरशाखालच्या फळीवर मावशीची ट्यूब पडली होती. बाईंनी सहज उचलली, चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "मावशी, हे तुम्ही तोंडाला लावता? यात स्टेरॉइड आहे हो! माझ्या भावजयीच्या चेहऱ्याची याने वाट लागली."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या गेल्याबरोबर तिने ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकली. आणि कानाला खडा लावला, आता मेले तरी क्रीम नको.

पण शरीर असं एका झटक्यात ऐकत नाही. दोन दिवस गेले नाहीत तोच चेहरा भट्टीसमोर बसल्यासारखा जळायला लागला. गाल सुजले, कातडी ताणली, पाण्याचा हबका मारला तरी डोळ्यांतून पाणी. हातांच्या भेगांतून रक्त यायला लागलं. नणंद घाबरून म्हणाली, "वहिनी, परत लावा, लगेच थांबेल." मावशीने मान हलवली. लावावी तर पंचाईत, न लावावी तर पंचाईत. दुकानाच्या काचेला 'आज बंद' लावून ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली.

लेक तिथे आली. तिने बाळाला आईच्या मांडीवर ठेवायला हात पुढे केले.

"नको!" मावशी केवढ्याने ओरडली. बाळ दचकून रडायला लागलं.

लेकीच्या मनातला काटा तेव्हा बाहेर आला. "आई, तुला ही नकोच आहे का? तसं असेल तर सांग, मी उद्याच्या उद्या माझ्या घरी जाते. पण पोरीला असं झिडकारू नकोस."

"अगं, नको कशी असेल?" मावशीचा बांध फुटला. तिने दोन्ही तळवे लेकीसमोर उघडे केले. "हे बघ. हे तिला लागलं तर? तोंडाकडे बघ माझ्या! मला काय झालंय तेच कळत नाही, आणि तू हिला माझ्या मांडीवर ठेवतेस!"

लेक त्या हातांकडे बघत राहिली. इतके दिवस एका घरात राहून आपल्याला हे दिसलं नाही, याचीच तिला लाज वाटली. "तू हे एकटीच घेऊन बसली होतीस?" एवढंच ती म्हणाली. मग डोळे पुसून तिने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. "ऊठ. चप्पल घाल."

त्वचेच्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच होत्या. खोली लहान, खिडकीशी मोठा दिवा, टेबलावर भिंग. त्यांनी मावशीचे हात भिंगाखाली धरले, बोट न् बोट उलटसुलट करून बघितलं. मग चेहरा. मावशीने सगळं सांगितलं, उसन्या ट्यूबपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत. सांगताना तिला वाटत होतं, आता बोलणी बसणार.

डॉक्टरीणबाईंनी फक्त विचारलं, "डोळ्यांच्या पापण्यांना लावत होतात?"

"नाही हो, गालांनाच."

"बरं झालं. आता ऐका. हातांना झालाय तो एक्झिमा. सतत पाणी आणि साबण, त्याने कातडीचं कवच गेलंय. हा कोणाला लागत नाही. गिऱ्हाइकांना नाही, घरच्यांना नाही."

"तान्ह्या बाळाला?"

"बाळालाही नाही."

मावशीने पुन्हा विचारलं, "अगदी तान्ह्या, चार महिन्यांच्याही आतल्या?"

डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या कडेवरच्या गाठोड्याकडे बघितलं आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. "मावशी, आज हातांना काही लावलंय?"

"काही नाही. सगळं फेकून दिलंय."

"मग घ्या की तिला."

लेकीने बाळ पुढे केलं. मावशीने आधी हात मागे घेतले, मग पुढे केले, आणि नात पहिल्यांदा आजीच्या हातात आली. वजन असं काही नव्हतंच. बाळाने आजीच्या लाल तोंडाकडे टक लावून बघितलं, एक मोठी जांभई दिली आणि मान टाकून झोपी गेलं. मावशीचा जीव भांड्यात पडला. ती हसत होती आणि रडत होती, आणि खारं पाणी जळत्या गालांवरून गेलं तेव्हा "आई गं" पण म्हणाली. त्यावर तिघीही हसल्या.

चेहऱ्याचं मात्र डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. "ते क्रीम वाईट आहे असं नाही. पण ते तीन औषधांचं मिश्रण आहे, आणि तुमच्या चेहऱ्यासाठी ते नव्हतंच. चेहऱ्याची कातडी पातळ. तिला त्यातल्या जोरकस स्टेरॉइडची सवय लागली, आता ती रुसलीय. अजून काही आठवडे रुसेल. साधं, बिनवासाचं मलम लावायचं, उन्हात टोपी, मी देते त्या गोळ्या घ्यायच्या आणि धीर धरायचा. उतरेल हे."

"नक्की?"

"नक्की. बऱ्याच जणींचं उतरताना पाहिलंय."

हातांसाठी त्यांनी नवी ट्यूब लिहून दिली. बाहेर येऊन लेकीने औषधाची चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "आई, हेही स्टेरॉइडच आहे."

मावशीचे पाय तिथेच थांबले. लेकीने तिला समजावलं, डॉक्टरांनी बघून दिलंय, फक्त हातांना दिलंय. मावशीने मान डोलावली. पण धसका गेला नव्हता. त्यात आता नातीला घ्यायचं होतं! तेव्हा झोपायच्या आधी मावशी ट्यूबमधून मोहरीएवढा ठिपका काढायची आणि तो दोन्ही हातांना पुरवायची. कधी तेवढाही नाही. हात होते तसेच राहिले.

पुन्हा तपासायला गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी हात बघितले, कपाळाला आठ्या घातल्या आणि ट्यूब मागितली. ट्यूब जवळजवळ भरलेली होती.

"मावशी, कसं लावता ते दाखवा बघू."

मावशीने ठिपका काढला. डॉक्टरीणबाई ओठ दाबून हसू आवरत होत्या.

"तुमच्या दुकानात केस रंगवतात ना? एवढ्याशा रंगात अख्खं डोकं रंगवतात का?"

"छे! ठिगळं दिसतील नुसती. वन्सं वाटीभर कालवतात."

"आणि जास्त लागावा म्हणून रंग दुपारभर डोक्यावर ठेवला तर?"

"टाळू भाजेल की."

"मग औषधाचं वेगळं काय आहे? आधी तुम्ही भलत्या जागी भरमसाट लावलंत, आता योग्य जागी लावायलाच हात आखडता घेताय. बोट पुढे करा."

मावशीच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकावर, शेवटच्या पेराच्या रेघेपासून नखाच्या टोकापर्यंत, डॉक्टरीणबाईंनी औषधाची सलग पट्टी काढली. "एवढं एका हाताला, पुढून आणि मागून. दुसऱ्या हाताला पुन्हा एवढंच. दिवसातून एकदा. पातळ पसरायचं, साय धरल्यासारखं पांढरं दिसता कामा नये. साधं मलम दिवसभरात कितीही वेळा लावा, पण या औषधावर लगेच थापू नका, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. आणि हात बरे दिसले म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही. मी सांगेन तसं हळूहळू कमी करायचं."

"आणि नात?" मावशीने विचारलंच.

"औषध लावायचं ते ती झोपल्यावर. वरून सुती हातमोजे. सकाळी हात धुवायचे, कोरडे करायचे, आणि खुशाल घ्यायचं. तिच्या अंगाला औषध लागू द्यायचं नाही, एवढंच. आणि ते मलमाने माखलेले मोजे गॅसच्या आसपास ठेवू नका, पटकन पेट घेतात."

बेसिनवर काम करताना घालायला लांब हातमोजे आले. मोज्यांनी मावशी पहिल्यांदा वैतागली. "टाळूचं मला काही कळतच नाही यातून!" नवरा म्हणाला, "चला, आता लोकांना तोंडाने सांगावं लागेल." झोपताना पांढरे सुती मोजे घातलेली बायको बघून तो रोज न चुकता विचारायचा, "आज कुठे चाललीय स्वारी, वाहतूक अडवायला?"

पण या वेळी गुण आला. पुरळ बसली. मग एकेक भेग मिटली. एका सकाळी मावशीने कात्री उचलली, दोन डोकी कापून झाली, आणि तिच्या ध्यानात आलं की अंगठा दुखलाच नाही. तिने कोणाला सांगितलं नाही. हात धुतले, पुसले, आत गेली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून बाळ काढून घेतलं.

"अगं, आत्ता कुठे झोपतेय ती!"

"माझ्याकडे झोपेल."

तेव्हापासून अंघोळ आजीनेच घालायची, निजवायचंही आजीनेच. आजोबांची गाण्याची नोकरी गेली, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले.

चेहरा मात्र हट्टी निघाला. एक दिवस बरा, दोन दिवस लाल. तरी आग हळूहळू ओसरत गेली, सूज उतरली, आणि एकदा पाण्याचा हबका मारल्यावर नुसतं गार वाटलं.

या सगळ्यात नणंद मात्र फुगून बसली होती. दुकानात कामापुरतं बोलायची. शेवटी एका रिकाम्या दुपारी मावशीने दोन कप चहा केला आणि तिच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"वन्सं, माझं काही चुकलं का?"

"चुकलं कसलं? माझ्यामुळे झालं सगळं, असंच म्हणत असाल तुम्ही मायलेकी."

"तुम्ही मायेने दिलीत. मीही न विचारता लावली. त्यात कोणाला काय म्हणायचं?"

नणंदेने टॉवेलचं टोक ओलं केलं आणि गालावरची पावडर पुसली. खालची कातडी लाल, चमकदार, काचेसारखी पातळ होती. "दोन दिवस लावलं नाही की आग होते, वहिनी. कितीतरी वर्षं झाली. मला वाटायचं माझी कातडीच नाजूक. तुमचं तोंड जळताना बघितलं आणि कळलं. तेव्हापासून झोप नाही मला."

मावशीने कप खाली ठेवला. "मग इतके दिवस माझ्याशी बोलायचं सोडून फुगून काय बसलात?" असं म्हणून तिने नणंदेचा हात धरला आणि उठवलंच.

डॉक्टरीणबाईंनी नणंदेलाही तपासलं. डोळे तपासून घ्यायला पाठवलं, कारण हिने पापण्यांजवळही लावलं होतं. डोळे ठीक निघाले. चेहऱ्याला वेळ लागेल, मावशीपेक्षा जास्त लागेल, पण सुधारेल, असं त्यांनी सांगितलं. बाहेर पडल्यावर नणंद पायरीवरच बसली आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला. "मला वाटलं होतं, डोळे गेलेच," ती म्हणाली.

पुढचे काही महिने नणंद पावडर न लावता दुकानात उभी राहिली. तिच्यासारख्या बाईला हे सोपं नव्हतं. गिऱ्हाइकांनी विचारलं की ती दडवायची नाही. कोणी म्हणालं, "मला पण काहीतरी क्रीम सांगा ना," तर दोघी एकदमच म्हणायच्या, "आधी डॉक्टरांना दाखवा." आणि वर मावशी जोडायची, "आणि ते देतील ते चोरासारखं लावू नका. ते सांगतील तेवढं लावा."

लेकीला न्यायला जावई आला तेव्हा दुकानात गर्दी होती. मावशीने गिऱ्हाइकाला तसंच अर्ध्या कापलेल्या केसांनी बसवून ठेवलं. सामान गाडीत चढलं, आजोबांनी डोळे पुसले, तरी बाळ मावशीच्याच कडेवर. लेक म्हणाली, "आई, दे आता तिला. जायचंय आम्हाला."

"देते गं. देते. एवढी कसली घाई आहे?"

आतून अर्ध्या केसांचं गिऱ्हाईक ओरडलं, "मावशी, माझं काय?"

"बसा हो जरा," मावशी दारातूनच म्हणाली, आणि नातीला घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत एक फेरी मारून आली.